डॉल्बीचे अठरा इंची बेस स्वतः बनवताय? सुताराकडे जाण्याआधी हे वाचा

होटगीरोड_साउंड | रविवार, रात्री १०:१२

गणपतीला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच धागा काढतोय. महिनाभर आधी लिहून उपयोग नसतो, तेव्हा सुताराकडे जागाच नसते.

आपल्याकडे बेस बनवायची पद्धत ठरून गेली आहे. कुणाच्या तरी ट्रॉलीवरचा बेस आवडतो, टेप लावून मापं घेतात, कागद सुताराच्या हातात देतात, आणि तयार डब्यात परवडेल तो अठरा इंची स्पीकर बसवतात. मग बेस नुसता घुमतो, ठोका छातीवर येत नाही. नाहीतर भर वरातीत कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) फाटतो. दोष कधी ॲम्पवर जातो, कधी स्पीकरवर. डब्याकडे कुणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. डबा हा त्या एका स्पीकरसाठी बनवायचा असतो. भोक अठरा इंचीच असलं तरी एकाला बसलेला डबा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

हे ठरवायला स्पीकरचे चार आकडे लागतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात हे गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतर ते पुढे नेलं, म्हणून स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉल पॅरामीटर असं लिहिलेलं असतं. त्यातला एफएस म्हणजे कोन मोकळ्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला मॅग्नेट आणि स्पायडर-सराउंड (कोनला मागून आणि कडेने धरून ठेवणारे भाग) मिळून किती आवर घालतात त्याचं माप, आकडा मोठा तितका आवर कमी. व्हीएएस म्हणजे कोनच्या सस्पेन्शनइतकीच ताठ असलेली हवा किती लिटर ते. आणि एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर सरकेपर्यंत कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) मॅग्नेटच्या ताब्यात राहते. ज्या स्पीकरबरोबर हा कागद मिळत नाही तो बेससाठी घेऊ नका, त्यावर कितीही वॅट छापलेले असोत.

उदाहरण म्हणून असा स्पीकर धरा: एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३५, व्हीएएस २०० लिटर, एक्समॅक्स ९ मिलिमीटर. याला १८० लिटरचा डबा आणि ४० हर्ट्झचं ट्यूनिंग (डबा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो ती) छान बसतं. आता त्याच डब्यात ०.५५ क्यूटीएसचा स्पीकर टाकला तर ५० हर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो, ठोका थांबायच्या वेळी थांबत नाही, सगळी गाणी एकाच सुरात घुमतात. भोक तेच, स्क्रू तेच, आवाज मात्र वेगळा.

पोर्ट म्हणजे डब्यातून बाहेर उघडणारा हवेचा बोगदा. त्याचं गणितही अवघड नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका सुरात घुमते, तसाच हा डबा. १८० लिटर, पोर्टचं तोंड ६०० चौरस सेंटिमीटर आणि पोर्टची लांबी ४२ सेंटिमीटर असेल तर ट्यूनिंग ४० हर्ट्झच्या जवळ येतं. तोंड लहान ठेवून लांबी कमी करायचा मोह होतो, कारण कागदावर ट्यूनिंग तेच दिसतं. पण मोठ्या आवाजाला हवा पोर्टमधून फुसफुसत बाहेर पडते आणि ठोका मऊ होतो. अठरा इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर असतं, म्हणून मी पोर्टला त्याच्या निम्मं तोंड देतो.

इथे बरेच जण फसतात ते लिटरमध्ये. १८० लिटर ही आतली मोकळी हवा आहे. पोर्ट स्वतः २५ लिटर खातो, पोर्टची फळी ४ लिटर, स्पीकरची चेसिस आणि मॅग्नेट ८ लिटर, आतले आडवे दांडे ७-८ लिटर. म्हणजे डबा आतून २२५ लिटरचा हवा. आतली मापं ५२.४ रुंद, ६६.४ उंच, ६४.७ खोल. बाहेरून ५६ बाय ७०, आणि जाळीची खाच धरून खोली ७४ सेंटिमीटर. पोर्ट तळाला, पूर्ण रुंदीचा, ११.५ सेंटिमीटर उंच. वर ५३ सेंटिमीटर उरतात, त्यात साडेसेहेचाळीसची चेसिस आरामात बसते.

ही मापं जशीच्या तशी कॉपी करू नका, तुमच्या स्पीकरचा कागद आधी तपासा. विनआयएसडी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात चार आकडे भरले की आलेख समोर येतो. ज्यांच्याकडे स्पीकर आहे त्यांनी इथे आकडे टाका, मी बसवून देतो.

ठोका४० | रविवार, रात्री १०:५१

दादा, एक नंबर धागा. पण एक विचारतो. आमच्या ग्रुपातले सगळे डब्ल्यू बिनच (आत घडी घातलेल्या हॉर्नचे डबे) बनवायलेत. म्हणतात साधा पोर्टवाला डबा जवळ वाजतो, हॉर्न लांब मारतो. मिरवणुकीत लांब जायलाच पाहिजे की. मग हॉर्नच का नको?

होटगीरोड_साउंड | रविवार, रात्री ११:२०

हॉर्न वाईट नाही, पण त्याला जागा लागते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी ८.६ मीटर आहे. हॉर्नने तिथपर्यंत नीट काम करायचं तर तोंडाचा घेर साधारण तेवढा लागतो, म्हणजे तोंड जवळजवळ ६ चौरस मीटरचं. जमिनीवर ठेवलं तर जमीन निम्मं काम करते, तरी ३ चौरस मीटर उरतातच. एकट्या डब्ल्यू बिनचं तोंड यापुढे फारच लहान. सहा-आठ बिन एकावर एक चिकटून लावले की सगळ्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं, तेव्हा तो ठोका येतो. दोन बिन नेऊन हळदीला वाजवलेस तर ६० च्या खाली फारसं काही मिळणार नाही. वर जे ऐकू येतं ते ८०-१२० चं ढोलकं असतं, ते जोरात असतं म्हणून बेस मोठा वाटतो.

लांब मारतो हे बोलणं आपल्याकडे फार चालतं. बेसच्या फ्रिक्वेन्सीला लाट डब्यापेक्षा कितीतरी मोठी असते, ती चहूकडे पसरते. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, डबा कुठलाही असो. हॉर्नची कार्यक्षमता जास्त, तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त, म्हणून लांबवर ऐकू येतो. दोनच बेस असतील तर पोर्टवाला. आठ असतील आणि गाडी मोठी असेल तर हॉर्नचा विचार कर, आणि आधी हॉर्नरेस्पमध्ये घालून बघ. तेही फुकट आहे.

आणखी एक. दोन बेस असतील तर डावीकडे एक, उजवीकडे एक असं लावू नकोस. दोन्ही एकत्र ठेव. चिकटून ठेवलेले दोन बेस एकापेक्षा ६ डेसिबल जास्त देतात. लांब ठेवले की मधोमध उभ्या माणसाला दणका आणि जरा बाजूला गेलं की बेस गायब, असं होतं. मंगल कार्यालयात जेवणाच्या बाजूला बेस का येत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

सुतारमामा | सोमवार, सकाळी ७:३५

डबे बनवायचं काम गेली बरीच वर्षं करतोय, तेव्हा लाकडाबद्दल मी लिहितो.

१८ मिलिमीटरचं प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का असलेलं. आयएस ३०३ मध्ये एमआर ग्रेड येतं, ते कपाटाला ठीक, पण विसर्जनाच्या पावसात भिजलं की कडा फुगतात आणि थर सुटतात. दुकानात शीट घेताना कड बघा. थरांच्या मध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत ठेवा. ती पोकळी बेसवर खडखडते आणि नंतर कुठून आवाज येतोय ते सापडता सापडत नाही. एमडीएफ मिरवणुकीच्या कामाला अजिबात नको, जड पडतं आणि कोपरा एकदा आपटला की भुगा होतो.

वरच्या मापाच्या दोन डब्यांना कागदावर दोन शीट पुरतात, पण करवतीची वाया जाणारी पट्टी आणि आतले दांडे धरून अडीच धरा. कटिंग दुकानातल्या पॅनेल सॉवर करून घ्या. हातकरवतीने काटकोन दोन मिलिमीटर चुकला तरी सांधा उघडा राहतो. सांध्याला नुसते स्क्रू नकोत, गोंद भरपूर लावा, क्लॅम्प लावा आणि रात्रभर हात लावू नका. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरून ठेवायला आहेत, ताकद गोंदाची.

आत दांडे घालाच. ७० सेंटिमीटरची मोकळी फळी बेसवर ढोलासारखी हलते, मग तिचाच आवाज येतो. समोरासमोरच्या दोन फळ्या मधल्या भागात एका दांड्याने जोडल्या की ती हालचाल जवळजवळ थांबते. दांडा बरोबर मध्ये न लावता जरा सरकवून लावा.

स्पीकरच्या बोल्टला लाकडी स्क्रू कधीच नाही. मागून टी-नट ठोका आणि वर ८ मिलिमीटरचे बोल्ट. स्पीकर पाच वेळा काढला-बसवला तरी भोक मोठं होत नाही. टी-नटला थोडा इपॉक्सी लावा, नाहीतर ऐन वेळी तो फिरायला लागतो आणि मग बोल्ट ना निघतो ना बसतो.

डबा तयार झाला की हवा कुठून सुटते ते बघायची पद्धत सांगतो. स्पीकर बसवून, २५-३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पेटवलेली उदबत्ती सगळ्या सांध्यांवरून, कनेक्टरच्या ताटलीवरून, हँडलच्या कडेने सावकाश फिरवा. जिथे फट आहे तिथे धूर सरळ वर न जाता थरथरतो. बहुतेक वेळा हँडलच्या मागेच सापडते.

टॉवेल_कारखाना | सोमवार, दुपारी १:१०

मामा, होटगीरोड दादा, आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे, कापसाचा तुकडा भरपूर पडलेला असतो. आत जुनी सोलापुरी चादर डकवली तर चालेल का? नाहीतर फोम विकत आणावा लागतो.

होटगीरोड_साउंड | सोमवार, दुपारी ३:०५

बेसमध्ये आतल्या अस्तराचा फायदा थोडाच असतो. ४०-८० हर्ट्झची लाट इतकी लांब की दोन इंचांची गादी तिला काही करत नाही. अस्तर कामाला येतं ते १५० च्या वर, आणि तिथे आपण क्रॉसओव्हरने (बेस आणि वरचा आवाज वेगळा करणाऱ्या फिल्टरने) आधीच कापलेलं असतं. तरी मागच्या आणि एका बाजूच्या फळीला जाड चादर नीट ठोकून बसवली तर बिघडत नाही. मात्र पोर्टच्या आतल्या तोंडापासून लांब ठेवा. सुटलेला पदर पोर्टमध्ये गेला तर ट्यूनिंग बिघडतं, आणि कोनच्या मागे मॅग्नेटच्या व्हेंटवर आला तर कॉइल गरम होते.

चादरीचा खरा उपयोग गाडीत आहे. डबे एकमेकांवर घासून रंग जातो तिथे दोन पदरी चादर घाला. फोमपेक्षा चांगली टिकते, धुता येते.

मंगळवेढेकर | सोमवार, रात्री ९:२८

नमस्कार. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमचे दोन बेस संध्याकाळी बसले. दुपारी मस्त वाजत होते, नंतर हळूहळू दम कमी झाला, आम्ही थोडं वाढवलं, आणि तासाभरात दोन्ही गेले. रीकोनला (कोन-कॉइल बदलायला) दिले तेव्हा कॉइल काळी पडलेली, वार्निश जळल्याचा वास. स्पीकर ८०० वॅट एईएस (सतत सोसायच्या पॉवरचं माप), ८ ओहम. ॲम्प एका चॅनेलला १५०० देतो. ॲम्प मोठा असावा म्हणतात, मग हे कसं झालं?

होटगीरोड_साउंड | सोमवार, रात्री ११:४०

दादा, याला सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यातच जास्त स्पीकर जातात.

स्पीकरला दिलेल्या विजेतला अगदी थोडा भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. ती कॉइलमधून मॅग्नेटकडे, तिथून हवेत जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४०-४२ अंश असतात, ट्रॉलीवर काळे डबे उन्हात तापलेले असतात. उष्णता जाणार कुठे? तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध जवळपास पावणेदोनपट होतो. ॲम्पचा व्होल्टेज तोच, त्यामुळे स्पीकर आधीच्या सुमारे ५६ टक्केच पॉवर घेतो, म्हणजे अडीच डेसिबल कमी. तुम्हाला दम कमी झाल्यासारखा वाटला तो हाच. त्या वेळी फेडर वर गेला की कॉइलवरचा ताण आणखी वाढतो. दम कमी वाटला की थांबायचं, वाढवायचं नाही. मिरवणूक चौकात थांबते तेव्हा दहा मिनिटं बेस खाली ठेवा, कॉइल थंड होते.

मोठा ॲम्प चूक नाही, पण त्याच्या आधी लिमिटर (सिग्नल ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारा) लागतो आणि तो व्होल्टमध्ये बसवावा लागतो. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ८०० गुणिले ८ म्हणजे ६४००, वर्गमूळ ८०. या स्पीकरच्या टोकांवर ८० व्होल्टच्या वर जायला नको. दोन स्पीकर समांतर जोडले तरी व्होल्ट ८० च राहतात, फक्त ॲम्पला करंट दुप्पट द्यावा लागतो.

बसवायचं कसं: स्पीकरची वायर ॲम्पमधून काढून ठेवा. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा साधा सूर मिक्सरला द्या, मल्टिमीटर एसीवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा, फेडर वाढवत जा. डीएसपीतला (ॲम्पच्या आधीच्या डिजिटल प्रोसेसरमधला) लिमिटरचा थ्रेशोल्ड अशा जागी आणा की फेडर पूर्ण वर गेला तरी मीटर ८० ला थांबतो. ८० व्होल्ट एसी अंगाला चांगला झटका देतात, प्रोब आधी पक्के लावा आणि मगच सूर सुरू करा. हिशोबाने बघायचं तर ३२ डेसिबल गेन असलेला ॲम्प इनपुट ४० पट करतो, म्हणजे २ व्होल्ट इनपुटला ८० मिळतात. डीएसपीत तो आकडा +८.२ डीबीयू दिसेल. उन्हाळ्याच्या लांब मिरवणुकीला मी यावर दुसरा, सावकाश चालणारा लिमिटर ५७ व्होल्टवर लावतो. तो निम्मी पॉवर धरतो, ठोका जाऊ देतो आणि सतत चालणारा घुमारा दाबतो.

आणि हायपास, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा फिल्टर. पोर्टवाल्या डब्यात ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो. ४० ला ट्यून केलेल्या डब्याला ३५-३६ वर दर ऑक्टेव्हला २४ डेसिबलचा हायपास लावलाच पाहिजे. कॉइल जळते ती पॉवरने, कोन-स्पायडर फाटतो तो बहुतेक यामुळे. तुमच्या बाबतीत कॉइल काळी होती, म्हणजे उष्णताच.

ईलेक्ट्रिकवाला | मंगळवार, सकाळी ८:०२

वरच्या सगळ्यात वायर राहिली. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर टाकली तर जाऊन-येऊन ४० मीटर, रोध ०.३ ओहमच्या वर. ४ ओहमच्या लोडला सात टक्के पॉवर वायरमध्येच गेली, आणि स्पीकरवरचा ॲम्पचा ताबा सुटतो ते वेगळंच. ॲम्प बेसजवळ ठेवा, नाहीतर ४ चौरस मिलिमीटर वापरा. कनेक्टर स्पीकॉनच घ्या. पाव इंची जॅक हाय पॉवरला नको, लावताना-काढताना शॉर्ट होतो.

जनरेटरवर हम आला म्हणून अर्थची पिन कापू नका. अशी कापलेली पिन आणि भिजलेला रस्ता एकत्र आले की जीव जातो. जनरेटरला खरा अर्थ रॉड ठोका आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. आणि ट्रॉलीवर स्टॅक रचताना वर महावितरणच्या तारा बघा, पेठांमध्ये त्या कुठे कुठे फार खाली आहेत.

कान_नाक_घसा | मंगळवार, दुपारी २:४५

मी जुळे सोलापुरात प्रॅक्टिस करते. हा धागा माझ्या भाच्याने दाखवला. तुम्ही मुलं अभ्यास करून काम करताय हे वाचून बरं वाटलं, म्हणूनच लिहिते.

सणांनंतर कानात शिट्टी वाजते म्हणून येणाऱ्यांत ट्रॉलीवर उभी राहणारी, साउंड सांभाळणारी मुलं असतात. बऱ्याचदा पंचविशीच्या आतली. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागेसाठी मानलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं. तुम्ही ट्रॉलीवर चार-पाच तास असता. आतल्या कानातल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, औषध नाही. इयरप्लग लावा. आणि रस्त्याकडेच्या घरात म्हातारं माणूस, बाळंतीण, हृदयरोगी असतात. त्यांच्यासाठी तुमच्या हातात काही आहे का?

ठोका४० | मंगळवार, दुपारी ३:२०

मॅडम, आम्ही ९० च्या आतच ठेवतो की. मोबाइलच्या ॲपवर बघतो.

होटगीरोड_साउंड | मंगळवार, रात्री १०:३०

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी स्वतः प्लग लावतो, माझ्याबरोबरच्या पोरांनाही लावायला लावतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ठोका४० ला. ॲप जे दाखवतं ते बहुतेक डीबीए असतं. या मापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी करून मोजला जातो. म्हणजे मीटर ९० म्हणत असताना खालचा बेस त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. आणि भिंत अडवते ती वरच्या आवाजाला. गाण्याचे शब्द खिडकी बंद केल्यावर ऐकू येईनासे होतात, बेस मात्र भिंतीतून आत येतो, भांडी वाजतात, झोपलेल्याच्या छातीत धडधडतं. मोबाइलचा माईकही इतक्या खालच्या आवाजाला धड नसतो. सी वेटिंग (खालचा बेसही जवळजवळ पूर्ण मोजणारं माप) दाखवणारं साधं मीटर घ्या.

कायदाही सगळ्यांना माहीत असावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबीए, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा निदान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डीबीए जास्त किंवा ७५ डीबीए, यातलं जे कमी ते. रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. ट्रॉलीवर सहा बेस रचून या मर्यादेत राहणं शक्य नाही, हे आपण साउंडवाल्यांनी मंडळाला तोंडावर सांगायला हवं. मी दोन बेसवर काम घेतो. जास्त मागतात त्यांना नाही म्हणतो, त्यात काही कामं जातात आणि जाऊ द्यावीत.

आता तांत्रिक बाजू. बेस मागेही तितकाच जातो, आणि मागे ऐकणारं कुणी नसतं, घरं असतात. तो कमी करता येतो. तीन सारखे बेस एकावर एक ठेवा, त्यातल्या मधल्याचं तोंड मागे करा. मागे तोंड असलेल्याला डीएसपीत वेगळा चॅनेल द्या, पोलॅरिटी उलटी करा आणि डिले द्या. डब्याची खोली ७४ सेंटिमीटर असेल तर सव्वादोन मिलिसेकंदांपासून सुरुवात करून तीनच्या आसपासपर्यंत बघा. एक जण स्टॅकच्या मागे दहा-बारा मीटरवर मीटर घेऊन उभा राहील, दुसरा डिले थोडा थोडा बदलेल. ६० हर्ट्झचा सूर लावलात तर मागचा आवाज एका जागी स्पष्ट पडतो. मोकळ्या मैदानात मागे १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त फरक मिळतो. समोर थोडं कमी होतं, ते सोसायचं. सोलापुरातल्या बाळीवेस, मधला मारुतीसारख्या दाटीच्या भागात भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे फायदा फारसा नाही. तिथे आवाज कमी करणं एवढाच उपाय आहे.

स्वच्छ बेस कमी आवाजातही भरलेला वाटतो. लोक वाढव म्हणतात ते बहुतेक वेळा ठोका नीट येत नाही म्हणून. ट्यूनिंग बरोबर, क्रॉसओव्हर ९०-१०० वर, टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) आणि बेस वेळेत जुळलेले असले की वाढव म्हणणारे कमी होतात, हे मी हळदीच्या कार्यक्रमांत बघत आलोय.

कान_नाक_घसा | बुधवार, सकाळी ९:१५

धन्यवाद. हे माझ्या ओळखीच्या दोन मंडळांना पाठवते.

ठोका४० | बुधवार, रात्री ८:४४

दादा, सी मीटर मागवलं. दुसरं, माझ्याकडे आधीचे दोन डबे आहेत, एका मोठ्या साउंडवाल्याच्या मापाने बनवलेले. स्पीकर तुमच्या उदाहरणासारखाच आहे, क्यूटीएस ०.३४. हे किती हर्ट्झला ट्यून आहेत ते घरी कसं बघायचं? माईक नाही.

होटगीरोड_साउंड | बुधवार, रात्री ९:३०

माईक लागत नाही, डोळे पुरतात. मोबाइलमध्ये टोन जनरेटर घे, आवाज अगदी कमी ठेव. ७० हर्ट्झपासून एक-एक हर्ट्झ खाली ये आणि कोनकडे बाजूने बघ, टॉर्च तिरकी धर. कोन आधी हलताना दिसेल, मग हालचाल कमी कमी होत एका जागी जवळजवळ थांबेल, तेव्हा पोर्टसमोर हात धरलास तर हवा सगळ्यात जोरात लागेल. ते तुझं ट्यूनिंग. त्याच्या खाली गेलास की कोन पुन्हा मोठा हलायला लागतो. त्या भागात आवाज वाढवू नकोस.

जोडीला सेलनेही तपास. दीड व्होल्टचा सेल, प्लस लाल टोकाला क्षणभर लाव, कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही डब्यांचे कोन एकाच दिशेने गेले पाहिजेत. एक आत, एक बाहेर असेल तर दोघे एकमेकांना खातात.

ठोका४० | गुरुवार, रात्री ७:५८

बघितलं. दोन्हीत कोन ४७ ला थांबतो. खूपच छान दिसतं राव ते, टॉर्चमध्ये कोन एकदम गोठल्यासारखा आणि पोर्टमधून वारा. सेलची चाचणी केली, दोन्ही बाहेर येतात. मापं घेतली: मोकळी हवा १८० लिटरच भरते, पोर्टचं तोंड ६००, पण पोर्टची लांबी फक्त २५ सेंटिमीटर आहे.

होटगीरोड_साउंड | गुरुवार, रात्री ९:०६

मग हिशोब बरोबर जुळतो. २५ सेंटिमीटरला ४७ च येतात. ज्याच्यासाठी हा डबा बनला त्याचा स्पीकर वेगळा असणार, त्याला तेच योग्य असेल. तुझ्या स्पीकरसाठी पोर्टची फळी १७ सेंटिमीटरने लांबव, म्हणजे ४२ होईल. लांबवलेला पोर्ट आतली ११-१२ लिटर हवा खाणार, त्यामुळे कागदावर ४१ च्या थोडं वर येईल. पण तळाला चिकटलेला पोर्ट प्रत्यक्षात हिशोबापेक्षा थोडा खालीच ट्यून होतो, तेव्हा ४० च्या आसपास थांबावं. फळीच्या आतल्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत निदान ११-१२ सेंटिमीटर मोकळे राहतात ना ते आधी बघ.

सुतारमामा | गुरुवार, रात्री ९:५०

ठोका, त्यासाठी डबा फोडू नकोस. स्पीकर काढ, त्याच्या भोकातून हात जातो. १८ मिलिमीटरची पट्टी डब्याच्या आतल्या रुंदीपेक्षा एक मिलिमीटर कमी काप, म्हणजे आत अडकणार नाही. भोकातून तिरकी करून आत घाल. जुन्या फळीच्या कडेला टोकाशी टोक लावायचं आणि दोन्हीच्या वरून, म्हणजे पोर्टच्या बाजूने नाही, एक आडवी पट्टी गोंदाने बसवायची. पोर्टच्या आत पायरी राहता कामा नये. दोन्ही कडांना डब्याच्या भिंतीवर बारीक लाकडी बत्त्या लाव. मध्यभागी तळापासून एक आधार दे, नाहीतर लांब फळी थरथरेल. वाळल्यावर उदबत्ती फिरव.

ठोका४० | रविवार, दुपारी १२:१५

मामा, सांगितलं तसं केलं. आज सकाळी दोन्ही डबे बघितले. एकात कोन ४१ ला थांबतो, दुसऱ्यात ४० ला. हायपास कितीवर ठेवू?

होटगीरोड_साउंड | रविवार, दुपारी १२:४०

दोघांना मिळून ३६, २४ डेसिबल. लिमिटर बसवल्याशिवाय गाडीवर चढवू नकोस. तुझा स्पीकर ८ ओहमचा, त्याच्या कागदावर एईएस किती वॅट लिहिलेत ते इथे टाक, व्होल्ट काढून देतो.